मे महिन्यातलं शिंगरू

श्रोतेहो, नमस्कार.

1962 सालची गोष्ट. कॅनडात ई. पी. टेलर यांच्या स्टड फार्मवर दरवर्षीप्रमाणे शिंगरं विक्रीला होती. लिलाव नव्हता, प्रत्येक शिंगराची किंमत आधीच ठरलेली असे. त्यातल्या एका ठेंगण्या, कुमैत रंगाच्या नर शिंगराची किंमत होती 25 हजार डॉलर. येणारे येत होते, त्याच्याकडे पाहत होते आणि पुढच्या शिंगराकडे जात होते. 27 मे 1961 चा त्याचा जन्म. सोबतची कित्येक शिंगरं फेब्रुवारी-मार्चमधली, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी मोठी, आणि त्या वयात एवढं अंतर डोळ्यात भरतं. ते विकलं गेलं नाही, टेलर यांच्याकडेच राहिलं. दोन वर्षांनी, 1964 मध्ये, त्याच घोड्याने केंटकी डर्बी ही अमेरिकेतली सर्वांत नावाजलेली शर्यत बरोबर दोन मिनिटांत जिंकली. तो त्या वेळचा विक्रम होता. घोड्याचं नाव नॉर्दर्न डान्सर.

आता दुसरी गोष्ट. 1983 मध्ये केंटकीतल्या कीनलँडच्या लिलावात याच नॉर्दर्न डान्सरचा एक मुलगा उभा राहिला आणि बोली 1 कोटी 2 लाख डॉलरवर जाऊन थांबली. एक कोटीचा आकडा ओलांडणारं जगातलं ते पहिलं यर्लिंग, म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं शिंगरू. त्याचं नाव स्नाफी डान्सर. तो एकही शर्यत पळला नाही. पैदाशीला लावला तर तिथेही दोष निघाला, उभ्या आयुष्यात त्याची चार शिंगरं झाली. पुढे 2006 मध्ये फ्लोरिडात ‘द ग्रीन मंकी’ नावाचं दोन वर्षांचं शिंगरू 1 कोटी 60 लाख डॉलरला गेलं. लिलावाआधी ते एक फर्लांग, म्हणजे सुमारे दोनशे मीटर, 9.8 सेकंदांत पळालं होतं. खऱ्या शर्यतींत ते तीनदा उतरलं आणि एकदाही जिंकलं नाही. त्याची एकूण कमाई 10,440 डॉलर.

या गोष्टी ऐकून बाजाराला काही कळत नाही असं वाटेल. पण त्या लिलावांत उभी असलेली माणसं घोड्याला खुरापासून कानापर्यंत ओळखणारी असतात. अडचण त्यांच्या नजरेची नाही. घोडा पळतो की नाही हे कळायच्या आत तो विकला जावा, अशा बेताने सगळी पैदास आखलेली आहे. आज मला बोलायचं आहे ते याच बेताबद्दल, कारण तो घोड्याच्या हाडामासापर्यंत पोचला आहे.

थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची जात. तिची शिंगरं बहुतेक वेळा दीड वर्षाची असताना लिलावात येतात. त्या वयात पाठीवर स्वार बसलेला नसतो. मग माणसं पाहतात काय? चाल पाहतात, पाय पाहतात, क्ष-किरण चित्रं पाहतात. आणि कॅटलॉगचं एक पान पाहतात. बापाचं नाव वर, आणि खाली आईचं घराणं: आई, आजी, पणजी, त्यांची कोणकोणती अपत्यं काय जिंकली. मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांची नावं ठळक टाइपात छापतात. या ठळक टाइपाला धंद्यात ‘ब्लॅक टाइप’ म्हणतात, आणि अशी एखादी ओळ वाढली तर घरी उभ्या असलेल्या घोडीची किंमतही बदलते. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. इथे पाळण्यातल्या पायांवर घर-शेत लावलेलं असतं.

पूर्वी मोठे मालक स्वतःच्याच घोड्यांची पैदास करत आणि ते घोडे स्वतःच्याच नावावर पळवत. इटलीत मॅजोरे सरोवराकाठी फेदेरिको तेसिओ यांनी मोजक्या घोड्या बाळगून निआर्को आणि रिबो हे दोन अजिंक्य घोडे जन्माला घातले. निआर्को 14 शर्यती पळला, रिबो 16. आणि निआर्को हा नॉर्दर्न डान्सरचा आजोबा. स्वतः पळवणारा माणूस थांबू शकतो. शिंगरू उशिरा पक्व होणारं असलं तर तीन-चार वर्षांचं होईपर्यंत धीर धरतो. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला ती सवड नाही. त्याने घोडीसाठी पैसे मोजले, स्टॅलियनची, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्याची, फी भरली, अकरा महिने गाभण घोडी सांभाळली, वर विणीनंतरचं दीड वर्ष. त्याची परीक्षा लिलावाच्या दिवशी, दोन-तीन मिनिटांत होते. तिथे जे खपतं तेच तो पुढच्या वर्षी जन्माला घालतो. यात त्याचा दोष काढणं मला जमत नाही. त्याच्या जागी मीही तेच करेन.

आणि खपतं काय, तर नवा बाप. या गोष्टीवर जरा थांबतो, कारण सगळ्या बाजाराची किल्ली इथे आहे. फ्लाइटलाइन हा अमेरिकी घोडा घ्या. सहा शर्यती पळला, सहाही जिंकला आणि 2022 च्या अखेरीला पैदाशीला गेला. 2023 मध्ये त्याच्याकडे पहिल्या घोड्या आल्या, 2024 मध्ये त्या व्यायल्या, 2025 मध्ये ती शिंगरं लिलावात आली, आणि त्यांचं शर्यतीत उतरण्याचं वय 2026 मध्ये. म्हणजे 2023, 2024, 2025 अशा तीन मोसमांत ज्यांनी घोड्या पाठवल्या, त्यांच्यापुढे त्याचं एकही पळालेलं अपत्य नव्हतं. पुरावा नाही, पण खोटं ठरवायलाही काही नाही. लिलावात अशा बापाच्या पहिल्या शिंगरांकडे सगळ्यांच्या माना वळतात, कारण त्यांतलं कोणतंही उद्याचं डर्बीविजेतं असू शकतं. मग ती शिंगरं पळायला लागतात. त्यांतली बहुतेक साधारण निघतात, जशी कुठल्याही बापाची बहुतेक अपत्यं निघतात, आणि भाव उतरतो. म्हणून पैदासदार पहिल्या वर्षी धावत येतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाठ फिरवतो. ज्या वर्षी स्टॅलियनबद्दल खरं काही कळू लागतं, त्याच वर्षी त्याच्याकडे घोड्या सर्वांत कमी असतात.

या भीतीवर केंटकीतल्या एका फार्मने काढलेला तोडगा सांगण्यासारखा आहे. ‘इनटू मिस्चिफ’ नावाचा स्टॅलियन 2009 मध्ये 12,500 डॉलर फीवर उभा राहिला. गर्दी होईना. तेव्हा फार्मने सांगितलं, लागोपाठ दोन वर्षं घोडी पाठवा, फी भरा, मग दरवर्षी एक घोडी पाठवण्याचा हक्क तुम्हाला कायमचा. तरीही एका टप्प्यावर त्याची फी 7,500 पर्यंत घसरली. मग त्याची अपत्यं पळू लागली, आणि 2023 मध्ये फी झाली अडीच लाख डॉलर. जे थांबले त्यांचं सोनं झालं. मला मात्र त्या स्टॅलियनांची आठवण येते ज्यांना थांबणारी माणसं मिळाली नाहीत. त्यांच्यात काय होतं, हे आता कधीच कळणार नाही.

फीचा हिशेबही ऐका. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला परवानगी नाही. घोडीला स्टॅलियनपाशी न्यावंच लागतं, नैसर्गिक मीलन झालं तरच शिंगराची नोंद होते. अमेरिकेत साधारणपणे शिंगरू जन्मून उभं राहिलं आणि आईला लुचलं की फी देय होते. पण नॉर्दर्न डान्सरची फी ऐंशीच्या दशकात पाच लाख डॉलरवर गेली तेव्हा तेवढीही हमी नव्हती. 1973 मध्ये सेक्रेटेरियट या अमेरिकी घोड्याचे प्रत्येकी 1 लाख 90 हजार डॉलरचे 32 हिस्से पाडले गेले, तेव्हा तीन वर्षांच्या वयातली एकही शर्यत तो अजून पळला नव्हता. त्या काळी स्टॅलियनकडे मोसमात चाळीसेक घोड्या येत. पुढे सोनोग्राफी आली, घोडीचं बीज नेमकं केव्हा सुटणार ते कळू लागलं आणि तीन-चारदा करावं लागणारं काम एकदाच भागू लागलं. चाळीसाच्या शंभर झाल्या, शंभराच्या दीडशे, आणि आज मागणीतल्या स्टॅलियनकडे दोनशेहून अधिक घोड्या येतात.

पुन्हा फ्लाइटलाइनकडे वळू. शर्यतींतली त्याची सगळी कमाई सुमारे 45 लाख डॉलर. पैदाशीची पहिली फी 2 लाख डॉलर. दीडशे घोड्या धरल्या तर एका मोसमाचे तीन कोटी होतात. त्याचा फक्त अडीच टक्क्यांचा हिस्सा 46 लाख डॉलरला विकला गेला, म्हणजे सगळ्या शर्यतींत त्याने मिळवलं त्याहून थोडं जास्तच. आता कोणता मालक त्याला पाचव्या वर्षी पळवायला धजेल? एक पाय मोडला की सगळं गेलं. म्हणून उत्तम घोडे ऐन बहरात मैदान सोडतात. ज्यांच्यासाठी माणसं शर्यत पाहायला येतात, ते दिसेनासे होतात. आणि त्या घोड्याचं शरीर पाच-सहा वर्षं टिकलं असतं का, हे पाहण्याची सोयही त्याच्याबरोबर जाते. टिकाऊपणा पारखलाच जात नाही, तर तो पुढच्या पिढीसाठी निवडणार कसा?

याला जोडूनच पायांची गोष्ट. जन्मतः गुडघा किंवा घोटा आत-बाहेर वळलेला असेल तर शिंगरू लहान असतानाच शस्त्रक्रियेने तो सरळ करता येतो, हाडाची एक बाजू वाढू देऊन किंवा दुसरी स्क्रूने रोखून. ज्या शिंगराला नाहीतर चालणंच कठीण झालं असतं त्याच्यासाठी हे वरदान आहे. पण लिलावासाठी केलं, की घेणाऱ्याला सरळ पाय दिसतो आणि रक्तातली ठेवण तशीच राहते. ते शिंगरू मादी असेल तर उद्या आई होतं आणि तिच्या पोटी पुन्हा तसंच शिंगरू येऊ शकतं.

वेगाचंही तसंच. विकत घेणाऱ्याला पैसे लवकर सुटायला हवेत, म्हणून दोन वर्षांच्या वयात पळणारं, कमी अंतरावर झेपावणारं रक्त महाग. लांब पल्ल्याचा घोडा, ज्याला उमलायला वेळ लागतो, त्याला युरोपात पुष्कळदा सपाट शर्यतींच्या पैदाशीत जागाच उरत नाही. तो अडथळ्यांच्या शर्यतींसाठी घोडे निपजवायला जातो.

या सगळ्याचा परिणाम रक्तात मोजता येतो. थरोब्रेडची नोंदवही बंद आहे, बाहेरचं रक्त आत येत नाही. आजच्या बहुतेक सगळ्या थरोब्रेडची बापाकडची ओळ डार्ली अरेबियन या एका घोड्यापर्यंत जाते. 2020 मध्ये जगभरच्या दहा हजारांहून अधिक घोड्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 97 टक्के घोड्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर होता, आणि आधीच्या 45 वर्षांत आप्तसंकर, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, वाढत गेल्याचं दिसलं. त्याच वर्षी थरोब्रेडची नोंदवही ठेवणाऱ्या अमेरिकेच्या जॉकी क्लबने नियम केला की 2020 आणि नंतर जन्मलेल्या स्टॅलियनकडे मोसमाला 140 हून अधिक घोड्या नकोत. मोठ्या स्टड फार्मनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये नियम मागे घेतला गेला. फार्मचं म्हणणं होतं, कोणाकडे किती घोड्या जाव्यात हे बाजार ठरवेल. मला वाटतं, तो नियम राहायला हवा होता. बाजार पुढच्या लिलावापर्यंत पाहतो. आटलेलं रक्त दहा पिढ्यांनी जाणवतं आणि तेव्हा बोली लावून ते परत आणता येत नाही.

एका बाजाराने नाकारलेलं दुसऱ्याचं भाग्य कसं होतं, याचं उदाहरण म्हणजे संडे सायलेन्स. यर्लिंग असताना लिलावात त्याला भाव आला नाही, 17 हजार डॉलरवर तो परत घ्यावा लागला. मागच्या पायांची ठेवण कोणाला आवडली नाही. दोन वर्षांचा असताना पुन्हा लिलावात गेला, पुन्हा परत आला. मग 1989 मध्ये त्याने केंटकी डर्बी जिंकली, प्रीकनेस जिंकली, ब्रीडर्स कप क्लासिक जिंकली. तरीही अमेरिकी पैदासदार त्याच्यासाठी पुढे आले नाहीत. जपानच्या झेन्या योशिदा यांनी त्याला नेलं. 1995 ते 2007 अशी सलग तेरा वर्षं तो जपानचा अव्वल स्टॅलियन होता, त्यातली शेवटची काही तर त्याच्या मृत्यूनंतरची. जपानी घोडे आज जगभर मोठ्या शर्यती जिंकतात, त्या यशाच्या पायाशी तो आहे. आणि आता तिथे त्याचंच रक्त इतकं पसरलं आहे की त्याच्या नाती-पणतींना बाहेरचा जोडीदार शोधावा लागतो.

शेवटी पुन्हा त्या ठेंगण्या शिंगराकडे. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात, मग तो जन्मो कधीही. त्यामुळे जानेवारीतलं शिंगरू आणि मेमधलं शिंगरू लिलावात एकाच वयाचं म्हणून शेजारी उभं राहतं. घोडी मात्र निसर्गतः वसंतात, दिवस मोठा झाला की माजावर येते. म्हणून डिसेंबर लागला की स्टड फार्मवर रिकाम्या, म्हणजे गाभण नसलेल्या, घोड्यांच्या तबेल्यात दिवे लावतात. दिवसाचा आणि दिव्याचा मिळून रोज सोळा तास उजेड. दोनेक महिन्यांत घोडीच्या शरीराला वसंत आल्यासारखं वाटतं आणि फेब्रुवारीच्या मध्याला ती स्टॅलियनपाशी न्यायला तयार होते.

नॉर्दर्न डान्सरची आई नतालमा 1960 च्या वसंतात शर्यतीच्या तयारीत होती. तिचा पाय दुखावला, शर्यत हुकली आणि मोसम जवळजवळ संपलेला असताना, जूनच्या शेवटी, तिला निआर्कोचा मुलगा निआर्क्टिक याच्यापाशी नेण्यात आलं. अकरा महिन्यांनी, मेच्या अखेरीला ती व्यायली. असं उशिराचं शिंगरू होऊ नये, म्हणूनच तबेल्यातला तो दिवा डिसेंबरच्या रात्री जळत असतो.

नमस्कार.