सावडीने शाकारलेले गाव

[दृश्य: आसाकुसा, सकाळ. तांबड्या कंदिलाखालून जाणारी गर्दी.]

टोकियोच्या आसाकुसा भागातल्या सेन्सोजी मंदिराच्या वेशीवर टांगलेला हा कंदील सुमारे 3.9 मीटर उंच आणि 700 किलो वजनाचा आहे, आणि जपान पाहायला निघालेल्या बहुतेक सहलींची पहिली सकाळ याच्याखालीच उजाडते. वीस-बावीस जणांचा आमचा गटही अपवाद नव्हता. हे द्वार 1865 च्या आगीत जळाले आणि 1960 मध्ये पुन्हा उभे राहिले. आतले मुख्य मंदिर 1945 च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले आणि 1958 मध्ये ते काँक्रीटचे बांधण्यात आले. हातात पिवळा झेंडा घेतलेल्या आमच्या मार्गदर्शक बाईंनी हे सांगून झाल्यावर, जाता जाता सांगितल्यासारखे, आणखी एक वाक्य उच्चारले: हा कंदीलही साधारण दर दहा वर्षांनी नवा करतात. गटातल्या एका आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी नुकताच त्या ‘पुरातन’ कंदिलाचा फोटो घरी पाठवला होता.

[दृश्य: शिंकान्सेनची खिडकी. मग दरीतून जाणारी हिदा एक्स्प्रेस.]

शिंकान्सेन ही जपानची अतिवेगवान रेल्वे 1 ऑक्टोबर 1964 रोजी सुरू झाली आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे बरेच असले, तरी नागोयाला ती सोडून आम्ही डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. ही गाडी हिदा नदीच्या काठाकाठाने चढत जाते. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता आणि दरीतल्या झाडांची पाने पिवळी पडू लागली होती.

[दृश्य: ताकायामा, सानमाची गल्ली. दारावर टांगलेला देवदाराच्या डहाळ्यांचा गोळा.]

ताकायामातल्या सानमाची या जुन्या गल्लीत साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्यांच्या दारावर जपानी देवदाराच्या डहाळ्यांचे असे गोळे टांगलेले दिसतात. हिवाळ्यात नवी साके तयार झाली की हिरवागार गोळा लावायचा, आणि तो हळूहळू तपकिरी होत गेला की साके मुरत चालली आहे असे ओळखायचे, असा हा संकेत आहे. आमच्या चित्रणातले गोळे तपकिरी आहेत, म्हणजे वर्ष सरत आले आहे.

मात्र या गावाची खरी ख्याती सुतारांची आहे. आठव्या शतकात राज्याचा कर धान्य, कापड किंवा श्रम या रूपांत भरावा लागे. डोंगराळ हिदा प्रांताकडे देण्याजोगे धान्य किंवा कापड फारसे नव्हते, पण लाकूड जाणणारे हात भरपूर होते. म्हणून या प्रांताला करात सूट देऊन त्याबदल्यात दर पन्नास घरांमागे दहा जण राजधानीत कामाला पाठवण्याचा नियम करण्यात आला. नारा ही राजधानी बांधली जात असताना तिथली देवळे आणि वाडे उभारणाऱ्यांत हे हिदाचे सुतार होते. गल्लीतल्या घरांच्या जाळीदार लाकडी दर्शनी भिंतींवरून कॅमेरा सावकाश सरकतो आहे तो त्यासाठीच.

[दृश्य: बस बोगद्यात शिरते. बराच वेळ अंधार. मग उजेड आणि दरी.]

हिदा बोगदा 10.7 किलोमीटर लांबीचा आहे आणि तो 2008 मध्ये खुला झाला. त्यामुळे ताकायामाहून शिराकावा-गो या डोंगरातल्या खोऱ्यात आता तासाभराच्या आत पोहोचता येते. पूर्वी हिवाळ्यात बर्फ पडले की हे खोरे बाहेरच्या जगापासून तुटत असे, आणि पुढे जे दिसणार आहे ते त्या तुटलेपणातूनच घडले आहे.

[दृश्य: टेकडीवरून दिसणारे ओगिमाची. चार सेकंद निवेदन नाही.]

शोगावा नदीकाठच्या या वस्तीचे नाव ओगिमाची. इथे गवताने शाकारलेल्या शंभराहून अधिक इमारती आहेत. छपराच्या दोन पाखी नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारख्या दिसतात, म्हणून या बांधणीला गास्शो-झुकुरी म्हणतात, आणि ‘गास्शो’ म्हणजे जोडलेले हात. उतार जवळजवळ 60 अंशांचा असल्याने बर्फ साचून राहत नाही. टेकडीवरून पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते: सगळ्या घरांची तोंडे एकाच दिशेने, उत्तर-दक्षिण आहेत. दरीतून वाहणाऱ्या वाऱ्याचा मारा त्यामुळे अरुंद बाजूवर येतो, आणि पूर्व-पश्चिमेच्या पाखींना आळीपाळीने ऊन मिळून गवत वाळते.

[दृश्य: घराच्या आत. चूल, धूर, वर चढणारा अरुंद जिना.]

खालच्या मजल्यावर माणसे राहत आणि छपराखालच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळले जात. जमिनीत खोदलेल्या या चौकोनी चुलीला इरोरी म्हणतात. तिची ऊब माळ्याच्या फटींच्या फळ्यांमधून वर जाऊन किड्यांना मिळे, आणि तिच्या धुराने लाकूड व दोर काळे पडत, कीड दूर राही आणि गवत टिके. आज रेशीम नाही, पण चूल मात्र पेटवतात, कारण धूर थांबला की छप्पर कुजू लागते. इथे कृपया आढ्याकडे पाहावे. खालचा भाग हिदाच्या सुतारांचा आहे, खाचा आणि खुंट्यांनी नेमका जुळवलेला. वरचा त्रिकोण मात्र सुतारांनी बांधलेला नाही, तो गावाने बांधला आहे, आणि त्यात एकही खिळा नाही. तिरप्या वाशांची खालची टोके पेन्सिलीसारखी तासून तुळयांच्या खोबणीत नुसती टेकवलेली आहेत. वाऱ्याच्या किंवा बर्फाच्या दाबाखाली वासा तिथे किंचित हलतो, आणि हलू शकतो म्हणून मोडत नाही. बाकी सारे भाताच्या पेंढ्याच्या दोरांनी आणि नेसो नावाच्या पिळलेल्या कोवळ्या फांद्यांनी आवळलेले आहे. ओली असताना बांधलेली नेसो वाळली की आणखी घट्ट बसते.

[दृश्य: छपराची एक पाख उघडी. परांचीवर माणसे. गवताच्या पेंढ्या वर चढत आहेत.]

त्या सकाळी एका घराच्या पाखीचा काही भाग उघडा होता, आणि ठरलेला चाळीस मिनिटांचा मुक्काम आमच्या मार्गदर्शक बाईंनी कोणालाही न विचारता दोन तासांचा केला. त्यापायी एक संग्रहालय राहिले, त्याबद्दल त्यांचे आभार.

शाकारणी खालून वर होते. शरद ऋतूत कापून वाळवलेल्या उंच गवताच्या पेंढ्या आधी वळचणीला बसतात, आणि प्रत्येक वरचा थर खालच्या थराची गाठ झाकतो, म्हणजे पाण्याला आत शिरायला वाट उरत नाही. थर आवळण्यासाठी बाहेरचा माणूस हातभर लांब लाकडी दाभणात दोर ओवून तो गवताच्या आरपार खुपसतो. आत, अंधारात, माळ्यावर बसलेला दुसरा माणूस ते दाभण पकडतो, दोर वाशाभोवती फिरवतो आणि पुन्हा बाहेर ढकलतो. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून सतत हाका चाललेल्या असतात. मग पेंढ्यांची टोके लाकडी मोगरीने ठोकून एका पातळीत आणतात, आणि सगळे झाल्यावर आढ्याकडून खाली येत कात्रीने पाख सारखी करतात. ही कात्री पाहिल्यावर गटातल्या एका काकूंना न्हाव्याचे दुकान आठवले, आणि ते अगदी चूक म्हणता येणार नाही.

एवढ्या मोठ्या छपराची एक पूर्ण पाख बदलायची तर शंभर ते दोनशे माणसे लागतात, आणि एवढी माणसे लावून ती एक-दोन दिवसांत पुरी करतात. एका शेतकऱ्याला हा खर्च कसा परवडेल? इथे तो पैशात मोजलाच जात नसे. या पद्धतीला ‘युई’ म्हणतात, आणि आपल्याकडे ज्याला सावड किंवा इर्जिक म्हणत त्याच जातीची ती आहे. ज्याच्या घराची पाळी असेल तिथे साऱ्या गावाने जायचे, कोणी किती गवत, किती दोर आणि किती दिवसांचे श्रम दिले याची नोंद ठेवायची, आणि त्या घराने ते इतरांच्या पाळीला फेडायचे. एकदा शाकारलेले छप्पर तीस-चाळीस वर्षे टिकते, म्हणजे फेड करणारा हात पुष्कळदा पुढच्या पिढीचा असे. पुरुष छपरावर, बायका खाली दोनशे पानांच्या स्वयंपाकाला. त्या स्वयंपाकघराचे चित्रण आमच्याकडे नाही, म्हणून हे वाक्य छपरावरच्याच दृश्यावर ऐकावे लागते आहे.

[दृश्य: शेताच्या बांधावरची जुनी पाटी. अग्निशमनाच्या पाण्याची तोफ.]

या खोऱ्यातल्या काही वस्त्या 1961 मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाखाली गेल्या आणि अनेक घरे विकली गेली. तेव्हा ओगिमाचीच्या रहिवाशांनी 1971 मध्ये एकत्र येऊन तीन नियम केले: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. शासनाचे संरक्षण 1976 मध्ये आले, आणि जागतिक वारशाचा दर्जा शेजारच्या गोकायामातल्या दोन वस्त्यांसह 1995 मध्ये, म्हणजे बऱ्याच नंतर. आगीच्या भीतीने गावात पाण्याच्या 59 तोफा बसवल्या आहेत, आणि शरद ऋतूत सरावासाठी त्या एकाच वेळी उडवतात.

आज युईची पूर्ण शाकारणी क्वचितच होते, बरेचसे काम अनुदानावर व्यावसायिक कारागीर करतात, तरुण शहरात जातात, आणि साऱ्या शिराकावात मिळून दीड हजारांच्या आसपास वस्ती असताना इथे पर्यटकांची इतकी रीघ लागते की हिवाळ्यातल्या रोषणाईसाठी आता आगाऊ नोंदणी करावी लागते.

[दृश्य: कानाझावा, केनरोकुएन बाग. पाइनच्या झाडावरून सुटणारे दोर.]

कानाझावाच्या केनरोकुएन बागेत 1 नोव्हेंबरपासून झाडांना बर्फाच्या भारापासून वाचवण्याचे काम सुरू होते. झाडाशेजारी उंच खांब उभा करतात आणि त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीपर्यंत दोर ताणून बांधतात. याला युकित्सुरी म्हणतात. सुरुवात नेहमी तळ्याकाठच्या कारासाकी पाइनपासून होते. माळ्याने वरून सोडलेला दोर उघडत खाली येतो, तो क्षण आमच्या कॅमेऱ्याने तीनदा टिपला आहे आणि तिन्ही वेळा तो ठेवण्याचा मोह झाला.

[दृश्य: क्योतो, कियोमिझु-देरा. लाकडी सज्जा खालून.]

क्योतोत गर्दी विलक्षण होती, त्यामुळे इथले एकच दृश्य. कियोमिझु-देराचे सध्याचे मुख्य मंदिर 1633 चे आहे आणि त्याचा 13 मीटर उंचीचा सज्जा खांब-तुळयांच्या जाळीवर उभा आहे. वरचे छप्पर जिवंत हिनोकी झाडांच्या सोललेल्या सालीचे आहे आणि ते 2020 मध्ये नव्याने घातले गेले. साल झाड न मारता काढतात, आणि आठ-दहा वर्षांत ती पुन्हा येते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची कौशल्ये अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. त्यात साल घालणारे आहेत आणि गवत शाकारणारेही.

[दृश्य: नारा, तोदाइजी. महाबुद्ध.]

सुमारे 15 मीटर उंचीच्या या बुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन 752 मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोर बांधलेले होते आणि जमलेल्यांनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळे सर्वांनी मिळून रेखले. मूर्तीवरचे मंदिर दोनदा जळाले, आणि समोर दिसते ते 1709 मध्ये पूर्ण झालेले तिसरे आहे.

[दृश्य: मंदिरातले टेबल. कौले, शाई, कुंचला.]

छपराच्या पुढच्या दुरुस्तीसाठी इथे कोणालाही कौल दान करता येते आणि त्यावर आपले नाव लिहिता येते. कंदिलाचा फोटो पाठवून हिरमुसलेले आजोबा या टेबलाशी बराच वेळ उभे आहेत. त्यांनी नातीचे नाव देवनागरीत लिहिले, शिरोरेषा जरा वाकडी गेली, आणि कौल वाळण्यासाठी इतरांच्या रांगेत ठेवले.