तलाव मोजायचा कुणी?

(दृश्य: पहाट. तलावाची पाळ, पलीकडे धानाचे बांध. लांबवर सारसांची जोडी.)

गोंदिया जिल्ह्यातला हा तलाव. मृगाच्या आधी आलात तर भेगाळलेली जमीन दिसेल, तिच्यावर चरणारी गुरं दिसतील. पोळ्याच्या सुमारास आलात तर पाणी पाळीला टेकलेलं असेल. मग तलावाची हद्द कुठली धरायची? मे महिन्यातली की सप्टेंबरातली?

प्रश्न साधा वाटतो, पण या तलावाचं भवितव्य त्याच्या उत्तरावर ठरणार आहे.

हे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. इथले लोक लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून ते साडेसहा हजारांवर आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून पाळी घातल्या. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारचे झाले. आज 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत.

(दृश्य: उपग्रहाचं चित्र. निळे ठिपके.)

अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने 2006-07 मधली पावसाळ्याआधीची आणि नंतरची उपग्रहचित्रं वापरून देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला. महाराष्ट्रात 44,714 जागा नोंदल्या गेल्या. त्यातल्या 21,668 सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान, म्हणून नकाशावर नुसता ठिपका. सव्वादोन हेक्टर म्हणजे दीडशे मीटर लांब, दीडशे मीटर रुंद. शेतातल्या आपल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, बहुतेक याहून लहानच.

26 सप्टेंबर 2017 ला पाणथळ संवर्धनाचे नवे नियम आले. प्रत्येक राज्याने यादी करायची, हद्द आखायची, प्रभावक्षेत्र (जिथल्या कामांचा परिणाम पाणथळीवर होतो तो भोवतालचा भाग) ठरवायचं आणि प्रत्येक जागेचा संक्षिप्त दस्तऐवज बनवायचा. पण त्याच नियमांनी सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले. धानाची शेतंही वगळली. मामा तलाव तर माणसानेच, सिंचनासाठी बांधलेला! आणि सारस घरटं करतो ते याच तलावांच्या काठाला किंवा धानाच्या बांधीत. नियमाच्या या एका ओळीने आमचा जीव टांगणीला लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये देशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना संरक्षण दिलं. पुढे 2021 च्या नकाशासंग्रहात हा आकडा 2,31,195 झाला. 11 डिसेंबर 2024 ला न्यायालयाने राज्यांना सांगितलं: जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती तीन महिन्यांत पूर्ण करा.

तीन महिन्यांत तलावाचा एकच ऋतू दिसतो.

(दृश्य: कोरड्या तलावात पोकलेन. ट्रॅक्टरची रांग.)

आता पैशाचं. गाळ काढायला पैसा मिळतो, पाळ दुरुस्तीलाही मिळतो. ते काम घनमीटरमध्ये मोजता येतं, बिल निघतं. तलावात काय जगतंय हे मोजायला पैसा मागितला की आधी लेखाशीर्ष, म्हणजे खर्च टाकायचं सरकारी खातं, शोधत बसावं लागतं. आणि न मोजता उपसलं की काय होतं? उथळ काठ जातो. सगळा तलाव एकसारखा खोल, उभ्या कडांचा खड्डा होतो. पाणवनस्पतींची मुळं गेली की मरळीला अंडी घालायला आसरा राहत नाही, आणि चिखलात चोच घालणारे पक्षी कडेला फिरून निघून जातात. बेशरमाची झुडपं मात्र पुन्हा उगवतात.

मोजणीला खर्च फार नाही. भूमी अभिलेखची मोजणी फी, वर्षातून तीन फेऱ्या, वनस्पती ओळखणारा एक माणूस, आणि गावच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांची रोजी. शेवटची बाब आम्ही मुद्दाम वेगळी सांगतो. पाणी कुठवर चढतं, मरळ कुठल्या कोपऱ्यात असते, रोहू-कटला सोडल्यापासून कुठला मासा दिसेनासा झाला, हे त्यांना जाळं टाकून कळलेलं आहे. तज्ज्ञाला मानधन आणि त्यांना नुसता चहा, हे आता थांबायला हवं.

वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून ग्रामपंचायत आपल्या विकास आराखड्यात हे काम धरू शकते. जिल्हा नियोजन समितीकडे मागता येतं. केंद्राच्या जलीय परिसंस्था संवर्धन योजनेत 60 टक्के केंद्र आणि 40 टक्के राज्य असा वाटा आहे.

घाईत केलेल्या नोंदींची आम्हाला भीती वाटते. लोकजैवविविधता नोंदवह्यांसाठी, म्हणजे गावातल्या सजीवांची नोंद ठेवणाऱ्या वह्यांसाठी, राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली होती, आणि ती चुकल्यास राज्याला दरमहा 10 लाख रुपये भरावे लागणार होते. अशा धाकात वही भरली जाते, पण तलावावर कुणी गेलं होतं का, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून नोंदीच्या पानावर तारीख, पाण्याची पातळी आणि सोबत कोण होतं, एवढं तरी हवंच.

आणि वेळ सांभाळायला हवी. सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं, निधी बहुधा त्याच सुमारास हाती येतो, तेव्हा तलाव आटू लागलेला असतो. सारसाचं घरटं पाहायचं तर पावसाळ्यातच. पाहुणी बदकं डिसेंबर-जानेवारीत. कोरडी हद्द मे महिन्यात. कामाचा आदेश एप्रिल अखेरपर्यंत हातात पडला तरच हे सगळं एका वर्षात बसतं.

(दृश्य: पाऊस. रोवणी. बायका पऱ्हे लावताहेत. पलीकडच्या बांधीत सारस चोचीने गवत ओढून ढीग रचतोय.)

रोवणी सुरू झाली आहे. पाणी पाळीपासून दोन हात खाली आहे. आजची तारीख लिहून ठेवू.