टुटू का आखडला, आणि आडवा कसा राहतो

मंडळी, नमस्कार.

टुटू म्हणजे बॅले नर्तकीचा घोळदार पोशाख. तो आखूड का झाला याचं उत्तर फॅशनच्या इतिहासात शोधलं, तर फारसं हाती लागत नाही. बॅलेतली पावलं कशी अवघड होत गेली ते पाहिलं, की एकेक वीत का कापली गेली ते कळतं.

१६८१ साली पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर पहिल्यांदा व्यावसायिक नर्तकी उतरल्या, त्या जमिनीपर्यंतच्या दरबारी झग्यात. अशा झग्यात पाऊल कसंही पडलं तरी प्रेक्षकाला दिसत नाही. पुढच्या शतकात मारी कामार्गो आली. उडी मारून हवेत पाय झरझर पुढेमागे करायची ती पटाईत, आणि एवढी मेहनत झाकून ठेवण्यात तिला अर्थ वाटेना. तिने झगा घोट्याच्या वर घेतला. तेवढ्यावरूनही गहजब झाला.

आज आपण ज्याला रोमँटिक टुटू म्हणतो तो १२ मार्च १८३२ रोजी, ‘ला सिल्फीद’च्या पहिल्या प्रयोगापासून रूढ झाला. नर्तकी मारी ताल्योनी, नृत्यरचना तिचे वडील फिलिप्पो यांची. पांढरा, घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंतचा घोळ, आणि त्याखाली चवड्यांच्या टोकावर पेललेलं शरीर. पॅरिस ऑपेरात १८२२पासून गॅसचे दिवे होते. त्या मऊ उजेडात पांढऱ्या पातळ कापडाच्या थरावर थर असले, की नर्तकीचा भार नाहीसा झाल्यासारखा वाटे. ‘जिझेल’मध्ये, १८४१ साली, हाच पोशाख दिसतो. आजही रोमँटिक टुटू बेतताना लांबीचं माप कमरेतून खाली न घेता जमिनीपासून वर घेतात, कारण एका रांगेत उभ्या असलेल्या सगळ्याजणींच्या कडा एका रेषेत यायला हव्यात.

मात्र हे कापड घातक होतं. टार्लटन म्हणजे विरळ विणीचं, खळ दिलेलं सुती कापड. धागा बारीक, थराथरांत हवा, आणि घंटेसारखा आकार असल्यामुळे ज्वाळा आतून सरळ वर चढते. डिसेंबर १८४४मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात नर्तकी क्लारा वेब्स्टरच्या कपड्यांनी रंगमंचावरच्या दिव्यावर पेट घेतला आणि ती दगावली. कापड क्षारांच्या द्रावणात बुडवून अग्निरोधक करण्याची कार्तरोंची प्रक्रिया फ्रान्समध्ये उपलब्ध होती, १८५९मध्ये तिची सक्तीही झाली. पण त्या द्रावणाने कापड ताठर आणि मळकट होई, घोळ नीट फुलत नसे. पॅरिस ऑपेराची नर्तकी एमा लिव्हरी हिने लेखी कळवलं की मी माझ्या नेहमीच्या स्कर्टमध्येच नाचणार, जबाबदारी माझी. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीत तिचा घोळ गॅसच्या दिव्यापाशी पेटला. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३मध्ये ती गेली. तिला हट्टी म्हणणं सोपं आहे. पण ज्या घोळामुळे नाच हलका दिसतो तोच ताठर करून नाचा म्हणणाऱ्यांनी नर्तकीपुढे पर्याय तरी कोणता ठेवला होता?

पुढची कापाकापी इटालियन नर्तकींमुळे झाली. व्हिर्जिनिया झुक्की १८८५ साली सेंट पीटर्सबर्गला पोचली ती आखूड घोळाचा आग्रह घेऊनच. १८९३मध्ये पिएरिना लेन्यानीने तिथे ‘सिंड्रेला’त सलग ३२ फुएते मारले. एका पायावर फिरत राहायचं आणि दुसरा पाय चाबकासारखा फेकून गती मिळवायची, असा हा प्रकार. लांब घोळ इथे पायाला गुंडाळतो आणि हवा अडवून गती खातो. तरीही एक गैरसमज काढून टाकू: १८९५च्या ‘स्वान लेक’मधली लेन्यानी आजच्यासारख्या आडव्या टुटूत नव्हती. छायाचित्रांत तिचा घोळ गुडघ्याच्या आसपास खाली झुकलेलाच दिसतो. खळीचं सुती कापड घामाने आणि दमट हवेने मऊ पडतं, त्याला आडवं उभं राहवत नाही. ताटासारखा सपाट टुटू विसाव्या शतकातला. त्याला पोलादी तारेची कडी आणि महायुद्धानंतर आलेली नायलॉनची जाळी लागली.

त्या कडीनेही नवं दुखणं आणलं. लहान रंगमंचावर बऱ्याचजणी एकत्र नाचल्या की एकीची कडी दुसरीच्या घोळाला लागे, आणि सगळे घोळ हेलकावू लागत. खारकिव्हमध्ये जन्मलेल्या वेशभूषाकार बार्बारा कारिन्स्का यांनी १९५०मध्ये नृत्यरचनाकार बॅलनशीन यांच्या ‘सिंफनी इन सी’साठी कडीच काढून टाकली. आखूड जाळीचे सहा-सात थर सैल टाक्यांनी असे जोडले की ते एकमेकांना तोलतात. चोळीचे काही भाग त्या उरेब (कापडाच्या विणीला तिरके) कापत, म्हणजे श्वास घेताना कापड बरगड्यांबरोबर ताणतं. आमच्या मते टुटूच्या इतिहासातली सर्वांत हुशार दुरुस्ती हीच.

आता सपाट टुटू आतून कसा असतो ते पाहू. त्याचे तीन भाग: वरची चोळी, कंबर ते नितंबाच्या हाडापर्यंतची घट्ट पट्टी, आणि चड्डी. घोळ कमरेपासून निघत नाही, त्या पट्टीखाली चड्डीवर शिवलेल्या झालरींतून निघतो. झालरी साधारण दहा ते चौदा. मांडीजवळची दोनेक इंच रुंद, वरची चौदा-पंधरा इंच. खालच्या आखूड झालरी वरच्या लांब झालरींना उचलून धरतात. दुकानात मिळणाऱ्या इलॅस्टिकच्या टुटूत नेमकं हेच नसतं, म्हणून तो धुतला नाही तरी लोंबतो.

कडी मधल्या एखाद्या झालरीवर नेफा शिवून त्यात घालतात. ती गरजेपेक्षा मोठी झाली की ताट वेडंवाकडं लाटा मारतं. मग झालरी हातटाक्यांनी एकमेकींना जोडायच्या, आतून बाहेर, प्रत्येक टाक्यात सुमारे एक सेंटिमीटर ढील ठेवून. दोरा खेचला तर वरच्या थरावर खळगे पडतात आणि कड खाली झुकते, फार सैल सोडला तर प्रत्येक थर स्वतंत्र फडफडतो. पाठीला झिप लावत नाहीत, कारण ती नाचताना अडकली किंवा तुटली तर सगळंच उघडं. हूक लावतात आणि अडकवायच्या आकड्यांच्या दोन-तीन उभ्या रांगा ठेवतात, म्हणजे तोच टुटू वेगळ्या मापाच्या नर्तकीलाही बसतो. चोळीच्या बाजूंना मणी नकोत. जोडीदाराचे हात तिथेच असतात आणि गिरकीत ते सोलवटून निघतात.

मंडळाच्या स्नेहसंमेलनासाठी भाड्याने टुटू आणणाऱ्या पालकांसाठी एवढंच. तो खांद्यांवर टांगू नका, झालरी स्वतःच्या वजनाने खाली येतात. उलटा टांगा, किंवा सपाट, एकावर एक रचून ठेवा. पाण्यात बुडवू नका. घामाचा वास जावा म्हणून नाट्यगृहांत चोळीच्या अस्तरावर पाणी मिसळलेली व्होडका फवारतात आणि पंख्याखाली वाळवतात. आणि टुटू घालून खुर्चीवर बसायचं असेल तर मागचा घोळ आधी वर उचलायचा, मग अगदी कडेवर टेकायचं.