भीतीची शिडी आणि एआयची मदत

(दृश्य: लिफ्टचं बंद होणारं दार)

दार बंद होतं, छाती धडधडू लागते, आता श्वास अडकणार असं वाटतं. या भीतीवर सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारा उपचार, चांगला लागू पडतो. त्यातलं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं.

थेरपिस्ट आणि रुग्ण मिळून शिडी आखतात. भीतीला 0 ते 100 गुण. लिफ्टच्या दारात उभं राहणं 30, सोबतीने एक मजला 45, एकट्याने एक मजला 60, एकट्याने दहा मजले 85. आत पाऊल टाकण्याआधी लिहायचं: काय होईल असं वाटतंय? बाहेर आल्यावर: प्रत्यक्षात काय झालं? अंदाज आणि अनुभव यांतली तफावत पुन्हा पुन्हा दिसली, की भीतीची पकड सैल होते.

(दृश्य: मोबाइलवरची नोंदवही)

हा सराव होतो दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत, आणि थेरपिस्टपर्यंत पोचतं ते रुग्णाला आठवेल तेवढंच. एआयचा खरा उपयोग इथे आहे. रोजच्या नोंदी वाचून ते दाखवू शकतं, की गुण 60 वरून 35 वर आले खरे, पण प्रत्येक वेळी हातात पाण्याची बाटली होती किंवा फोनवर कुणीतरी होतं. अशा आधारामुळे ‘बाटली होती म्हणून वाचलो’ एवढंच मनात ठसतं. सत्राआधी ही खूण मिळाली, तर पुढची पायरी बाटलीशिवाय ठरवता येते.

सत्रांमधलं संभाषणही तपासता येतं. इंग्लंडमध्ये लेखी चॅटमधून झालेल्या सीबीटीच्या 90 हजारांहून अधिक सत्रांचा मजकूर डीप लर्निंगने, म्हणजे मोठ्या मजकुरातून नमुने शिकणाऱ्या एआय तंत्राने, वाचला गेला. निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांना जिथे जास्त जागा मिळाली, तिथे सुधारणाही जास्त होती. अवांतर गप्पा जास्त तिथे कमी. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी नवशिक्या थेरपिस्टना शिकवताना हे हाताशी असायलाच हवं.

(दृश्य: रात्री उजळलेला स्क्रीन)

सगळ्यात मोठा धोका चॅटबॉटच्या गोड स्वभावात आहे. ‘हा हार्ट अटॅक तर नाही ना?’ चार वेळा विचारलं, तर चारही वेळा तो धीर देतो. दिलासा थोडा वेळ टिकतो, विचारण्याची सवय मात्र पक्की होते. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, तर डॉक्टरकडेच जायला हवं. तपासण्या होऊन पॅनिकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचं, निदान झालं असेल, तर चांगल्या बॉटने तेच उत्तर पुन्हा न देता रुग्णाला शिडीकडे वळवावं.

मराठी सत्रांत आणखी एक अडचण. आवाजावरून मजकूर बनवताना ‘भीती वाटली नाही’ मधला ‘नाही’ गळला, तर नोंद उलटी होते. म्हणून सारांश थेरपिस्टने वाचल्याशिवाय फाइलमध्ये जाऊ नये, आणि रेकॉर्डिंगआधी रुग्णाची संमतीही घ्यावी.

प्रगती मोजायला जीएडी-7 ही चिंता मोजणारी, सात प्रश्नांची, 0 ते 21 गुणांची प्रश्नावली पुरते. 10 किंवा जास्त गुण आले, तर सविस्तर तपासणी हवी. काही सत्रांनंतरही आकडा हलत नसेल, तर सॉफ्टवेअरने थेरपिस्टला सावध करावं. उपचार बदलायचा का, हे थेरपिस्टने रुग्णाशी बोलून ठरवावं. नोंदीत आत्महत्येचा विचार दिसला, तर बॉटने संभाषण लांबवू नये, लगेच माणसाशी जोडून द्यावं. भारतात त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे.