तबल्यावरचा बोकड

(दृश्य: पत्र्याच्या शेडमधली ओली फरशी. बोथट पात्यानं कातडं खरवडणारे हात.)

ओल्या कातड्याला वास येतो. तो कॅमेऱ्यात येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. हे बोकडाचं कातडं आहे. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सुटे केलेत. आता ते खरवडायचे, मांसाचा उरलासुरला पापुद्रा काढायचा आणि ताणून वाळत घालायचं. चपलेच्या चामड्यासारखं हे कमावत नाहीत. कमावलेलं कातडं असं वाजत नाही.

यातून तबल्याची पुडी, म्हणजे वाजवायचं कातडी तोंड, होणार. मधे अखंड कातडं, त्यावर कडेनं चाट, म्हणजे कातड्याची गोल पट्टी, भोवती विणलेला गजरा, आणि गजऱ्यातून खाली ओढून घेतलेली वादी, म्हणजे कातडी पट्टा. मग शाई, तो मधला काळा गोल. लोखंडाचा बारीक कीस, काजळी आणि खळ यांचा काळा लगदा. बोटानं पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घासायचा, मग पुढचा थर. घासता घासता शाईला केसाएवढ्या भेगा पडतात. त्या पडायलाच हव्यात. भेगा नसतील तर शाई कातड्याला हलू देणार नाही.

या शाईचं गुपित १९२० साली सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. साध्या ढोलाच्या कातड्यातून मूळ स्वरासोबत निघणारे वरचे उपस्वर त्या स्वराशी जुळत नाहीत, त्यामुळे ठोका ऐकू येतो, पण नेमका स्वर लागत नाही. मधे शाईचं वजन पडलं की पहिले काही उपस्वर तारेच्या वाद्यासारखे ओळीत येतात. म्हणून तबला षड्जात मिळवता येतो. म्हणजे गवयाच्या ‘सा’शी जे जुळतं, ते बोकडाचं कातडं.

(दृश्य: देवळाची पायरी. काढून ठेवलेल्या चपला, पट्टे.)

चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवा, अशी पाटी कितीतरी देवळांत असते. पट्टा निघतो, पाकीट निघतं. आत भजनाला पखवाज चालू असतो. त्याची दोन्ही तोंडं कातड्याची. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापलेली. आषाढात तुळशीची माळ घातलेला, मटणाला उभ्या आयुष्यात न शिवलेला वारकरी हाच मृदंग गळ्यात अडकवून पंढरपूरपर्यंत चालत जातो. यात ढोंग आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण ताटात चालत नाही ते तालात चालतं, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही, एवढं खरं.

मेलेलं जनावर आणि कला म्हटलं की जगभर एक शार्क आठवतो. डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंतानं १९९१ मध्ये काचेच्या टाकीत, फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवलेला. ऑस्ट्रेलियातल्या मच्छीमाराला सांगून तो पकडून घेतला होता. पुढे तो सडला, सुरकुतला, आणि २००६ मध्ये त्याच टाकीत दुसरा शार्क आणून सोडला. मृत्यूवर भाष्य करण्यासाठी एक गेला, दुसरा गेला देखभाल खर्चात.

तरी शार्क निदान डोळ्यांना दिसतो.

(दृश्य: रंगाच्या दुकानातले ब्रश, जवळून. केसांवरचे फिकट-गडद पट्टे.)

हे दिसत नाही. चांगल्या ब्रशाला टोक हवं, लवचीकपणा हवा, रंग धरून ठेवता यायला हवा. मुंगसाच्या केसात हे तिन्ही गुण आहेत, आणि तोच मुंगसाचा घात. कामाच्या एक किलो केसांसाठी सुमारे ५० मुंगसं मारावी लागतात, असा अंदाज आहे. मुंगसाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागानं ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावानं अनेक राज्यांत छापे घातले, तेव्हा हजारो ब्रश आणि शंभर किलोहून जास्त केस सापडले. उत्तर प्रदेशातलं शेरकोट हे या ब्रशधंद्याचं मोठं ठाणं. त्या ब्रशांनी कुणी निसर्गचित्रं रंगवली असतील. कदाचित पक्षीही.

मग बोकड याच रांगेत बसतो का? बोकड मटणासाठी कापला जातो. कातड्याचे चार पैसे येतात, म्हणजे तबला अगदीच नामानिराळा नाही. पण उद्या सगळ्या मैफली बंद पडल्या तरी बोकड कापायचे थांबणार नाहीत. मुंगसाचे ब्रश बंद झाले तर मुंगसं नक्की वाचतील. माझ्या लेखी हा फरक मोठा आहे. तो ब्रश आजच टाकून द्यावा, नायलॉनचा घ्यावा, आणि चित्र बिघडलं तर बिघडू द्यावं.

वाद्यं बदलतच नाहीत, असंही नाही. सतारीच्या घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग लागायचं. कायदे आले तशी उंटाच्या हाडाची, शिसवी लाकडाची, कृत्रिम पदार्थांची घोडी आली. मिरजेत सतारी आजही घडतात. पुण्यातल्या पथकांच्या ढोलांवर तर कातड्याचं पान जाऊन प्लास्टिकचं कधीच आलं. त्यात दयामाया काही नव्हती. गणपती येतात भर पावसाळ्यात, आणि भिजलेलं कातडं ढिलं पडतं, एवढंच.

(दृश्य: हलगी शेकोटीवर तापवणारा माणूस.)

आपल्याकडे हा प्रश्न नुसत्या जनावरावर थांबत नाही. कातड्याला हात कुणी लावायचा, हे जातीनं ठरवून दिलं होतं. हलगीवाला गावाबाहेर राहिला. पखवाज गाभाऱ्यासमोर गेला. कातडं दोन्हीकडे होतंच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. मेलेली ढोरं ओढायचं काम नाकारणाऱ्यांना कितीतरी गावांत मार आणि बहिष्कार सोसावा लागला. मेलेल्या जनावराचा विटाळ कुणाला आणि फायदा कुणाला, हा हिशेब इथे फार जुना आहे.

आणि तो मिटलेला नाही. २०२० च्या सुरुवातीला चेन्नईत गायक टी. एम. कृष्णा यांचं मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवरचं पुस्तक प्रकाशित व्हायचं होतं. दक्षिणेतल्या मृदंगाला गाईचंही कातडं लागतं, ते काम बहुतेक दलित कारागीर करतात, आणि वाजवणारे बहुतेक ब्राह्मण. पुस्तकात हे उघड लिहिलेलं. त्याचा काही भाग वर्तमानपत्रात छापून आला आणि कलाक्षेत्र या संस्थेनं दिलेलं सभागृह परत घेतलं. मृदंग तिथे आधीही वाजत होता, नंतरही वाजला. कातड्याला हरकत नव्हती, त्याचा उल्लेख तेवढा नको होता.

आता सिंथेटिक पुड्याही मिळतात. पावसात उतरत नाहीत, हा मोठा गुण. पण शाई पेलून कातड्यासारखी आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, देणं कठीण, असं बरेच वादक सांगतात. उद्या तेही जमेल. त्या दिवशी या शेडमधल्या माणसाचं काम जाईल, आणि प्राण्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी त्याच्याशीही बोलायला हवं. बोकडाची गोष्ट तर तेव्हाही मटणाच्या दुकानातच असणार.

तोवर निदान एक करता येईल. मैफलीच्या पत्रिकेत गवयाचं नाव असतं, साथीदारांची असतात, ध्वनिव्यवस्था कुणाची हेही असतं. पुडी कुणी केली हे छापायला अर्धी ओळ पुरते.