कोपराच्या उंचीचं टेबल

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय जरा लांबलचक छापलाय : ‘विसाव्या शतकाच्या मध्याची अस्सल शैली आणि आपली जेवणाची खोली’. त्यातला ‘अस्सल’ हा शब्द मी आग्रहाने घालायला लावला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी घरांच्या आतल्या सजावटीची कामं करते. हल्ली बरीचशी गिऱ्हाइकं मोबाइलवर एकच फोटो दाखवतात. तिरक्या, निमुळत्या पायांचं टेबल, वरून लोंबणारा दिवा, हळदी रंगाची भिंत. “मॅडम, आम्हाला असं मिड-सेंच्युरी करून द्या.” आणि हे ज्या खोलीत उभं राहून सांगतात, तिथेच कोपऱ्यात आजोबांच्या काळातलं सागवानी टेबल इस्त्रीच्या कपड्यांखाली दबलेलं असतं.

साधारण १९४५ ते १९६९ हा तो काळ. महायुद्ध संपलं होतं, घरं लहान झाली होती, लोकांना नक्षीकामाचं जड सामान नको होतं. डेन्मार्कच्या हान्स वेग्नरने १९४९ साली एक जेवणाची खुर्ची काढली. तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणतात, आणि ती आजही बनते. अमेरिकेतल्या एरो सारिनेन या वास्तुकाराला टेबलाखालचं पायांचं जंगल खपत नव्हतं; त्याने १९५७ साली एकाच खांबावर उभं राहणारं टेबल केलं. ही माणसं ‘लुक’ तयार करत नव्हती. माणूस बसतो कसा, पाय कुठे ठेवतो, हे विचारत होती. ‘मिड-सेंच्युरी’ हे नाव तर नंतर, १९८०च्या दशकात रूढ झालं.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? १ नोव्हेंबर १९५६ ला आपण बेळगावकडचे लोक रात्रीत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, ते इथे कुणाला सांगायला नको. तो विषय आज काढत नाही, काढला तर वेळ पुरणार नाही. पण त्याच वर्षांत घराघरात आणखी एक स्थलांतर झालं, ते मात्र कुणी फारसं नोंदवलेलं नाही. आपण पाटावरून उठून खुर्चीवर बसलो. जेमतेम दीड फूट वर. पण त्या दीड फुटापायी किती घरांत वाद झाले असतील! सोवळ्याचं काय, पंगतीचं काय, उष्टं-खरकटं काढायचं कसं. आपल्या जेवणाच्या खोलीची गोष्ट या दीड फुटात आहे, असं माझं ठाम मत आहे.

माझे आजोबा बेळगावच्या टिळकवाडीत राहायचे, शाळामास्तर होते. १९५७ साली त्यांचे गुडघे गेले, पाटावर बसता येईना. टेबल करायचं ठरलं. आजी म्हणाली, स्वयंपाकघरात ते लाकूड येणार नाही. म्हणून मधली खोली रिकामी केली. शहापूरच्या एका मिस्त्रींना बोलावलं. दांडेलीकडचं सागवान वखारीतून आलं. मिस्त्रींनी तोवर पलंग केले होते, कपाटं केली होती, देव्हारे तर किती केले असतील. जेवायचं टेबल कधी केलं नव्हतं. ते किती उंच असतं हे त्यांना माहीत नव्हतं आणि आजोबांनाही नव्हतं. कुणी तरी सुचवलं, कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यात जाऊन माप घेऊन या. मिस्त्री म्हणाले, “ते साहेबाचं टेबल हाय ओ मास्तर. तो काट्या-चमच्यानं खातोय. तुम्ही हातानं जेवणार नव्हं?”

मग त्यांनी काय करावं? आजोबांना एका खोक्यावर बसवलं, पुढे विटांवर फळी ठेवली आणि आजीला म्हणाले, “वैनी, ताट वाढा.” खरोखरचं ताट, आमटी-भात. आजोबा कालवून जेवायला लागले आणि मिस्त्री शेजारी उकिडवे बसून त्यांच्या कोपराकडे बघत राहिले. फळीखाली पातळ फळकुटं सारायची, काढायची, परत सारायची. खांदा वर उचलला जातोय, काढा एक. पाठ वाकतेय, घाला एक. भात संपला तेव्हा फळी सत्तावीस इंचांवर होती. बाजारातलं टेबल एकोणतीस-तीस इंचांचं असतं. हाताने कालवून जेवणाऱ्याला ते दोन-तीन इंच उंच पडतात. आता घरी गेल्यावर आपल्या खांद्याकडे लक्ष द्या, म्हणजे कळेल.

नंतर खुर्च्या. इथे ठेवलीय ना, ती त्यातलीच एक. काहींना वाटलं असेल, वक्त्यांसाठी ठेवलीय. नाही. हिची बैठक बघा, एकवीस इंच रुंद आहे, हात नाहीत, वेताची वीण आहे. का? कारण गुडघे बरे असले की आजोबा खुर्चीवरसुद्धा मांडी घालणार, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. आपल्यातले निम्मे लोक अजून घालतात, हसताय म्हणजे तुम्हीही घालता. म्हणून टेबलाच्या फळीखालची आडवी पट्टीदेखील त्यांनी काठापासून वीतभर आत घेतली, मांडी घातल्यावर गुडघा आपटू नये म्हणून. काम संपल्यावर टेबलाच्या पोटाला पेन्सिलीने लिहिलं, ‘मास्तर कोपर २७’. लहानपणी आम्ही टेबलाखाली घर-घर खेळायचो तेव्हा ती अक्षरं आमच्या डोक्यावर असायची. मी वाचायला शिकले ती थोडीफार त्यावरच. आजी मात्र त्या टेबलावर जेवत नसे. आजोबा गेल्यावर एक दिवस आपणहून येऊन त्यांच्या खुर्चीत मांडी घालून बसली. कुणी काही बोललं नाही, आईने निमूट ताट वाढलं.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून आलं, तीन महिने देशभर हिंडलं. त्यांच्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक लोट्याचं आहे. आपल्या तांब्याचं! त्यात पाणी किती मावतं, भरल्यावर तोल कुठे जातो, कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, हे सगळे प्रश्न त्यांनी त्यात मांडले. त्या अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मी तो अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचे मिस्त्री आठवले. विटांवरच्या फळीपाशी बसून त्यांनी हेच तर विचारलं होतं.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजून त्रास होतो. ते घर आता भावाकडे आहे. काही वर्षांपूर्वी त्याने नूतनीकरण काढलं. बहिणीला कामाला कशाला लावायचं, म्हणून बाहेरगावच्या एका कंपनीला ठेका दिला. त्यांनी आश्वासन दिलं, जेवणाची खोली अस्सल मिड-सेंच्युरी करून देऊ. मी पंधरा दिवस परगावी होते. परत येऊन बघते तर टेबलाचे चारी पाय कापलेले. त्याजागी निमुळते, तिरके पाय, टोकांना पितळी टोप्या, उंची तीस इंच. साठ वर्षं मुरलेलं लाखेचं पॉलिश यंत्राने खरवडून काढलं आणि वर काचेसारखं चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारलं. मी खाली वाकून पाहिलं. सफाईने काम करायचं म्हणून त्यांनी टेबलाचं पोटसुद्धा घासून रंगवलं होतं. ‘मास्तर कोपर २७’ गेलं.

१९५७ चं टेबल १९५७ सारखं दिसावं म्हणून मोडलं, मंडळी. सहातल्या चार खुर्च्या भंगारात गेल्या, दोन मी मागच्या अंगणातून उचलून आणल्या. नव्या खुर्च्यांच्या बैठका भुशाच्या दाबलेल्या फळीच्या होत्या. आपला एक पावसाळा झाला आणि कडा पावासारख्या फुगल्या. वडील ऐंशी पार केलेले आहेत. ते त्या टेबलावर जेवतात तेव्हा उजवा खांदा कानापर्यंत जातो. मला ते बघवत नाही. चंदीगडचंही असंच झालं. वास्तुकार पियेर जानरेच्या देखरेखीखाली बनलेल्या सागवानी-वेती खुर्च्या कचेऱ्यांनी भंगार म्हणून काढल्या आणि परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांची बोली लागली. तिथे निदान कुणी तरी त्या ओळखल्या.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. पत्रिकेवरचा विषय तर अजून राहिलाच आहे. भराभर सांगते.

उंची आधी ठरवा, आकार नंतर. घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त वेळ टेबलाशी बसतं त्याला ताट वाढून माप घ्या. माणशी दोन फूट जागा धरा. मांडे करणाऱ्या घरांनी थोडी जास्त धरा, मांडा वाढायला मोकळी जागा लागते.

दिवा खाली आणा. डेन्मार्कच्या पौल हेनिंगसेनचा १९५८ चा प्रसिद्ध दिवा टेबलापासून दोन फुटांवर टांगायचा असतो आणि त्याचा बल्ब डोळ्यांत खुपत नाही, सगळी कमाल त्यात आहे. तो महागडा दिवा हवाच असं नाही. बाहेरून हिरवी, आतून पांढरी अशी जुनी इनॅमलची शेड मिळाली तर घ्या, पिवळसर उजेडाचा बल्ब लावा आणि छतातले छोटे दिवे जेवताना बंद ठेवा.

लाकूड सागवानच. त्यात अंगचं तेल असतं म्हणून आपल्या पावसात ते टिकतं. पॉलिश लाखेचं करा किंवा नुसतं तेल द्या. लाखेवर गरम भांडं ठेवलं तर पांढरा डाग पडतो, म्हणून जाळीची बैठकी ठेवा. डाग पडलाच तर लाखेचा हात परत देता येतो, पीयूचं तसं नाही. वेत सैल झाला तर लगेच विणायला टाकू नका. खुर्ची उलटी करा, बैठकीच्या खालच्या बाजूला ओलं फडकं तासभर ठेवा आणि सावलीत वाळू द्या. वीण पुन्हा ताणते.

जमीन लाल कोब्याची असेल तर तिच्यावर चकचकीत टाइल घालू नका, हात जोडून सांगते. भिंत पांढरी किंवा फिकट ठेवा. खोलीतलं वॉशबेसिन लपवू नका. जेवणाच्या खोलीत हात धुवायची सोय हीसुद्धा त्याच काळातली आपली गोष्ट आहे. पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेलं जाळीचं कपाट माळ्यावर असेल तर खाली काढा, त्यात काचसामान छान दिसतं. टेबल आणि खुर्च्या एकाच संचातल्या असायलाच हव्यात असंही नाही. आणि जुनं टेबल कारागिराच्या हाती देण्याआधी त्याच्याखाली जाऊन, बॅटरी मारून नीट बघा. काही लिहिलेलं असलं तर फोटो काढा आणि तेवढा भाग कागद चिकटवून झाका.

खुर्ची अर्धा तास इथेच असेल. टेप माझ्या पिशवीत आहे, फळी आणि विटा आयोजकांनी विंगेत ठेवल्यात. ज्यांना आपलं माप घ्यायचंय त्यांनी पुढे या, चपला काढून, मांडी घालून बसा.