ओढ जुळते तिथे एल-वन नसतो

श्रोतेहो, नमस्कार. मिरामारला संध्याकाळी सूर्य पाण्याला टेकतो, तेव्हा त्याच्या आगेमागे सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य-एल१ यानही मावळत असतं. दिसत नाही, एवढंच.

हे यान पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या ज्या एल-वन बिंदूभोवती फिरतं, त्याबद्दल एक वाक्य सर्रास छापलं जातं: ‘तिथे सूर्याची आणि पृथ्वीची ओढ सारखी होते.’ तशी ती होत नाही. कागद-पेन्सिल जवळ असेल तर ताळा करून पाहा. सूर्य पृथ्वीपेक्षा ३ लाख ३३ हजार पट जड. ओढ अंतराच्या वर्गानं घटते, म्हणून वर्गमूळ काढायचं; ते येतं ५७७. सूर्य-पृथ्वी अंतराला, म्हणजे पंधरा कोटी किलोमीटरला, त्यानं भागलं की उरतात पृथ्वीपासून २ लाख ६० हजार. म्हणजे ओढी जुळतात त्या चंद्राच्याही अलीकडे! एल-वन तर पंधरा लाखांवर आहे.

मग तिथे जुळतं काय? वर्ष. पृथ्वीपेक्षा एक टक्का आतून, नुसत्या सूर्याच्या ओढीवर फिरणारं यान साधारण ३६० दिवसांत फेरी संपवून पुढे निघून जाईल. पण बाहेरच्या बाजूनं पृथ्वी ओढते, सूर्याची पकड तेवढी सैल पडते आणि फेरी पृथ्वीइतकीच लांबते. हे कुठे घडेल? पृथ्वीच्या वस्तुमानाला सूर्याच्या तिप्पट वस्तुमानानं भागा: दहा लाखांत एक. त्याचं घनमूळ शंभरात एक. पंधरा कोटींचा शंभरावा भाग, पंधरा लाख.

सूर्य, पृथ्वी आणि यान, अशी ही मर्यादित त्रिपिंड समस्या. मर्यादित अशासाठी, की दीड टनाचं यान पृथ्वीला वा सूर्याला हलवत नाही. वाट शोधायची ती फक्त यानाची. तरीही त्या वाटेचं सरसकट सूत्र नाही, संगणकावर पाऊल-पाऊल पुढे सरकावं लागतं. असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी जेकोबी स्थिरांक, म्हणजे वाटभर बदलायला नको असा ऊर्जेसारखा आकडा, मधूनमधून छापून बघावा. तो सरकायला लागला तर पाऊल मोठं पडतंय. बहुधा पृथ्वीजवळ, जिथे ओढ एकदम वाढते. मग आलेख कितीही देखणा असो, फेकून द्या.

यान नेमकं बिंदूवर ठेवलं तर अँटेनासमोर सूर्य येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात यानाचा आवाज बुडतो. म्हणून बिंदूभोवती १७८ दिवसांची प्रभामंडल कक्षा, म्हणजे हेलो ऑर्बिट. ती दोन्ही बाजूंना सुमारे साडेसहा लाख किलोमीटर पसरते. हात लांब करून वीत ताणा. सूर्यापासून यान त्याहून थोडंच पलीकडे जातं. त्यामुळे ते कधी सूर्याच्या दीडेक तास आधी मावळतं, कधी तितकंच नंतर.

पण हा बिंदू अस्थिर. यानाच्या जागेतली जी चूक बाहेर नेणाऱ्या दिशेला पडते, ती सोळा दिवसांत दुप्पट होते. एका फेरीत दोन हजार पट. किलोमीटरचे दोन हजार किलोमीटर! रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीचं नाक ओहोटीत आधीच वर धरतात, धक्का हुकल्यावर नाही. इथेही तसंच. ६ जानेवारी २०२४ ला कक्षेत शिरल्यावर २२ फेब्रुवारी आणि ७ जूनला यानाला सावरलं, आणि २ जुलैच्या तिसऱ्या धक्क्यानं ते दुसऱ्या फेरीला लागलं.